पडद्यावरचे संत आणि पारावरच्या गप्पा

कार्तिकातला काकडा आटोपला की आमच्या देवळाच्या पारावर चहा येतो. मूर्तिजापूर आणि दर्यापूरच्या मधले हे गाव. दिवस अजून उगवायचा असतो, बाया कपाशीच्या वेचणीला निघायच्या असतात, आणि मृदंगाला बसणारी, टाळ धरणारी पोरे तेवढ्या अर्ध्या तासात मनातले सगळे बोलून घेतात. 2025 च्या कार्तिकात हे बोलणे रोज एकाच गोष्टीवर येऊन थांबे. येत्या शुक्रवारी, 7 नोव्हेंबरला, ‘अभंग तुकाराम’ हा चित्रपट लागणार होता.

“दिग्पालचा पिच्चर हाय. चांगलाच असन.”

“तुकाराम कोन हाय त्याच्यात?”

“योगेश सोमण. अन् आवली स्मिता शेवाळे.”

“त्या हिंदीतल्यात सुबोध भावे होता ना बे?”

“होता. जुलैत आलता. म्या नाई पायला. हा अकोल्याले लागन का अमरावतीलेच जा लागन?”

मग आकडे निघत. कोणत्या चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत किती कोटी जमवले, कोणता पडला, दिग्पाल लांजेकरांनी शिवरायांवरचे ‘पावनखिंड’, ‘सुभेदार’ वगैरे चित्रपट करता करता संतांकडे मोर्चा कसा वळवला, पुढचा कोणावर काढतील. पोरांना तारखा तोंडपाठ. याच पोरांना हरिपाठाचे अभंगही पाठ आहेत, म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. टाळ पिशवीत घालता घालता ऐकत असतो.

एक दिवस मृदंगवाला पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, “काकाजी, एक सांगू का? तुकोबाचा अभंग म्हनाले लागलो का माह्या डोयापुढं जितेंद्र जोशीच येते. काय करू?”

सगळे हसले. तोही हसला. पण त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ 2012 सालचा. या पोराने तो लहानपणी टीव्हीवर पाहिला असणार. ध्यानाच्या जागी नटाचा चेहरा येऊन बसला आणि आता उठत नाही, ही त्याची खरी अडचण होती. मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण माझ्या डोळ्यांपुढे जो येतो, तोही देहूचा तुकोबा नाही. तो विष्णुपंत पागनीस आहे.

आमच्या पिढीने हे कधी कबूल केले नाही, एवढाच फरक. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 साली निघाला, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि 1937 साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यानंतर घराघरांतल्या तसबिरी आणि कॅलेंडरे बारकाईने पाहावीत. हातात वीणा-चिपळ्या, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर ते शांत हसू. मला तर त्यांतल्या कितीकांत पागनीसच दिसतात. आजोबांनी ज्या तसबिरीला बुक्का लावला ती एका नटावरून उतरलेली असेल, तर नातवाला जितेंद्र जोशी दिसतात म्हणून कोणत्या तोंडाने बोलायचे?

तेव्हा ‘नट कोण’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आपल्या संप्रदायाला तो तसाही शोभत नाही. पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. 1935 च्या ‘धर्मात्मा’मध्ये बालगंधर्व एकनाथ झाले. (त्या चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’, गांधीजींची आठवण होते म्हणून ते बदलावे लागले.) 1940 च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये माऊलींची भूमिका केलेले शाहू मोडक हे नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले. वाळवंटात जो आला तो माऊली, असे म्हणणाऱ्यांनी नटाची जात-पात आणि पूर्वायुष्य शोधत बसू नये. शोधायचे ते दुसरेच आहे.

‘संत तुकाराम’ पुन्हा पाहा. मोबाईलवर मिळतो. चमत्कारांपाशी थांबू नका. शेवटी गरुड येतो आणि तुकोबांना घेऊन जातो; त्या काळी लोकांनी तिथे हात जोडले असतील, आज ती चित्रयुक्ती म्हणून कळते आणि तेवढीच उरते. पण त्याच्या थोडे आधी जिजाई आहे. तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात आणि ती आपल्या चुलीपासून, पोराबाळांपासून, म्हशीपासून हलत नाही. ती वैकुंठ नाकारते असेही नाही. तिला वेळ नाही. मुलगा तापाने फणफणलेला असताना ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलापुढे उभी राहते. ही भूमिका करणाऱ्या गौरी नावाजलेल्या नटी नव्हत्या. त्यांच्या बोलण्यात, कमरेवर हात ठेवण्यात, शेणाच्या पाटीत कुठेही सोंग वाटत नाही. मला विचाराल तर या चित्रपटातली भक्ती पागनीसांच्या चेहऱ्यावर जेवढी आहे त्याहून जास्त जिजाईच्या रागात आहे. देवावर रागावायला देव घरचा असावा लागतो. आमच्याकडे कापूस भिजला की शेतकऱ्याची बायको देव्हाऱ्याकडे पाहून जे बोलते, ते या जिजाईला सहज समजेल.

पोरांना मी हेच विचारले. तुम्ही तुकाराम कोण विचारता, दिग्दर्शक कोण विचारता. जिजाई काय काम करताना दाखवली आहे, हे विचारता का? घरात दाणा नाही हे दिसते का? तुकोबांचे दुकान बुडाले, दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्या दुष्काळाची धूळ पडद्यावर येते, की पांढरेशुभ्र धुतलेले कपडे घातलेला जमाव नुसता टाळ्या वाजवतो? संताच्या चित्रपटात गर्दी कशी दिसते यावरून मी तो जोखतो. गर्दी नुसती हात जोडून उभी असेल तर समजावे, दिग्दर्शकाला संत समजला नाही. संत ज्यांच्यासाठी बोलले ते लोक त्याने पाहिलेलेच नाहीत.

आता त्याच चित्रपटातली एक गंमत सांगतो, आणि ती आपल्याला टोचणारी आहे. त्यात सालोमालो आहे. तुकोबांचे अभंग तो आपल्या नावावर खपवतो. भागवतांनी ही भूमिका अशी केली आहे की रागही येतो आणि हसूही. पण त्याच चित्रपटात ‘आधी बीज एकले’ हे गाणे आहे. ते तुकोबांचे नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. गाथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळा, सापडणार नाही. त्यात तुकोबांची नाममुद्राही नाही. तरी आमच्या भजनी मंडळात मी ते तुकोबांचा अभंग म्हणून कितीदा म्हटले आहे! पडद्यावर सालोमालोने तुकोबांचे अभंग आपल्या नावावर घातले आणि पडद्यापुढे आम्ही आठवल्यांचे गाणे तुकोबांच्या नावावर घातले. आठवल्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी इतके साधे आणि गोड लिहिले की आमची शंका झोपली. दोष कानांचा. अभंगाच्या शेवटी मुद्रा येते की नाही हे ऐकायला वारकऱ्याला कोणी शिकवावे लागू नये.

सिनेमाचे वारे या भागाला नवे नाही. पूर्वी चित्रपट वाटणाऱ्यांच्या भाषेत आमचा मुलूख ‘सीपी-बेरार’ म्हणून ओळखला जाई, आणि त्या व्यवहाराच्या पेढ्या होत्या भुसावळला आणि अमरावतीला. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या तिथून गावोगावच्या टॉकीजला जात. अमरावतीत तर चौकच टॉकीजच्या नावांनी ओळखले जातात: चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक, प्रभात चौक. ऑटोवाल्याला आजही हीच नावे सांगावी लागतात. म्हणून ‘सिनेमाने पोरे बिघडली’ असे कोणी म्हटले की मला हसू येते. चौकाला टॉकीजचे नाव आमच्या बापजाद्यांनीच रूढ केले.

2025 च्या एप्रिलमध्ये ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ आला तेव्हा या पोरांना एक गोष्ट सांगितली होती. पूर्णा नदी आपल्या अमरावती-अकोल्याच्या शिवारांतून वाहत जाते आणि पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. मुक्ताईचे स्थान त्याच परिसरात, मुक्ताईनगरला. भुसावळ तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे आपल्या पूर्णेचे पाणी आणि आपल्याकडे येणारे सिनेमे एकाच टापूतून गेले, पाणी खाली आणि पेट्या वर. पोरांना हे आवडले. पण त्यांपैकी एकही मुक्ताईनगरला गेलेला नव्हता. चित्रपट मात्र दोघांनी अकोल्याला जाऊन पाहिला होता.

आता आमच्या स्वतःच्या संताकडे येतो. गाडगेबाबा शेंडगावचे, अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. जन्म 23 फेब्रुवारी 1876. लहानपण मामाच्या घरी दापुऱ्याला, म्हणजे आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात, गुरे राखण्यात आणि शेतात गेले. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्यांच्यावर 1977 साली राजदत्त यांनी ‘देवकीनंदन गोपाळा’ हा चित्रपट काढला. लेखन गदिमांचे. बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंची.

लागू देव मानत नसत आणि ते उघडपणे बोलत. देवाला निवृत्त करा, असे लिहिणारा माणूस गाडगेबाबा झाला म्हणून तेव्हाही काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मला ही निवड फार योग्य वाटते. बाबा कीर्तनात विचारत, समोरचा नैवेद्य कुत्रा खातो आणि ज्याला त्याला हाकलता येत नाही, तो तुमचे रक्षण काय करणार? असा प्रश्न करायला जी कोरडी, धारदार नजर लागते ती भाबड्या नटाला साधली नसती. लागूंच्या नजरेत ती होती. उणे वाटते ते भाषेत. बाबांची वऱ्हाडी ही नुसती बोली नव्हती, ती त्यांची हत्यार होती, आणि ती शिकून येत नाही. बाबांच्या अखेरच्या दिवसांतले एक कीर्तन, 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले, ध्वनिमुद्रित झाले आहे. ते एकदा ऐका आणि मग चित्रपट पाहा. मुद्रणात बाबा प्रश्न टाकतात आणि लोक उत्तर देतात. बाबा लोकांकडून वदवून घेतात, लोक चुकले की चिमटा काढतात, पुन्हा विचारतात. अर्धे कीर्तन समोरची माणसे करतात.

चित्रपटाची मूळ अडचण इथे आहे आणि ती राजदत्तांची एकट्याची नाही. पडद्यावरच्या गर्दीला पडद्यावरचे बाबा विचारतात आणि तीच गर्दी उत्तर देते. आपण खुर्चीत बसलेले गप्प. आपल्याला कोणी काही विचारलेच नाही.

तरी एक आठवण सांगतो. हा चित्रपट मी आमच्याच गावात, शाळेच्या मैदानात पांढरा पडदा बांधून दाखवला तेव्हा पाहिला. तेव्हा बाबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेली म्हातारी माणसे हयात होती. कीर्तन सुरू झाले आणि पुढे बसलेले दोन-तीन म्हातारे पडद्याला उत्तर देऊ लागले! मग बायका, मग आम्ही पोरे. चित्रपटातल्या लोकांच्या आधी आमचे उत्तर जाऊ लागले. ती दहा मिनिटे तो सिनेमा नव्हता. पुढे बोलपट पुष्कळ पाहिले, पण असे कधी झाले नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मैदानात भुईमुगाच्या टरफलांचा थर पडला होता. रात्रभर खराट्याचा महिमा पाहिलेली माणसे तो तुडवत शेतात गेली. मीही गेलो. दुपारी परतलो तेव्हा एका म्हातारीने निम्मे मैदान झाडून काढले होते. ती आदल्या रात्री सिनेमाला आली नव्हती, तिला दिसत नव्हते म्हणून.

बाबांची ओळख पंढरपुराशी जुनी. तिथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. यात्रेत रस्ते झाडले, लोकांची घाण काढली. पण राऊळात दर्शनाला ते जात नसत असे सांगतात. पायावर कोणी डोके ठेवायला आला तर पळत. आता विचार करा, ज्याने दर्शन घेतले नाही आणि दर्शन दिलेही नाही, त्याचा चित्रपट म्हणजे दोन-अडीच तासांचे दर्शन! कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळ जातो, आणि बाबा असते तर तिथून उठून गेले असते. हे शल्य त्या चित्रपटातून निघत नाही. गाडगेबाबांवर पुढे कोणी काही काढणार असेल तर त्याने बाबांचा चेहरा कमी आणि त्यांनी झाडलेला रस्ता जास्त दाखवावा, असे मला वाटते. तो चालणार नाही, पोरे म्हणतील. नसेल चालत.

याच भागातले गुलाबराव महाराज. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. तेहतीस-चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एवढे ग्रंथ सांगितले, आणि स्वतःला ज्ञानेश्वर माऊलींची कन्या मानले. माऊलींचे रूप त्यांनी कोणत्या तसबिरीत पाहिले असेल? मृदंगवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर मला अखेर त्यांच्याकडे पाहून सुचले. मी त्याला म्हटले, “बापा, चेहरा येते तर येऊ दे. त्याले हाकलू नको अन् ओवायूही नको. तू मृदंग वाजव, शब्द आयक.” त्याला ते पटले की नाही, माहीत नाही. मान हलवली.

पण पोरांना एवढे ऐकवून मी स्वतः मोकळा झालो, हे काही खरे नव्हे. त्याच पारावर त्याच आठवड्यात आम्ही जाणती माणसे सप्ताहाची आखणी करत बसलो होतो. आमचे बोलणे ऐका. कोणते महाराज सध्या जोरात आहेत. त्यांची तारीख मिळते का. बिदागी किती घेतात. मागच्या वर्षीच्या महाराजांना गर्दी कमी होती. यांचे कीर्तन मोबाईलवर लाखांनी पाहिले. हे हसवतात चांगले. एकानेही विचारले नाही की अभंग कोणता घेणार. पोरे आमच्यापासून हातभर अंतरावर चहाचे पेले विसळत होती. सिनेमाच्या गप्पा ती कुठून शिकली, हे मला त्या सकाळी कळले. नावे तेवढी वेगळी होती.

पौर्णिमेला काकड्याची समाप्ती झाली. शुक्रवारी पाच जण दोन गाड्यांवर बसून अकोल्याला गेले. शनिवारी संध्याकाळी हरिपाठाला सगळे हजर. मी वाट पाहत होतो की आता कोण कसा दिसला, कोणाचे काम जबरदस्त झाले, हे सुरू होईल. ते झालेही. मृदंगवाला मात्र शाई कोरडी झाली का ते बोटाने पाहत बसला होता. मग म्हणाला, “काकाजी, ते ‘आधी बीज’ आता म्हनाचं का नाई आपन?”

“म्हनाचं. काहून नाई?”

“पन तुकोबाचं नोहे ना ते.”

“नोहे. आठवल्यांचं हाय असं आधी सांगू, मंग म्हनू.”

त्याने वादीला ठोका दिला आणि सूर लावला.